मधला वाटा दगडाचा

दगड सकाळीच येऊन पडला होता आणि सर दुपारी येणार होते, म्हणजे आत्याला चिडायला पुरते पाच तास मिळाले. त्यातलं एक मिनिटही तिने वाया घालवलं नाही.

आधी ती हमालांवर चिडली, दगड आपटून ठेवला म्हणून. मग धाकट्यांवर, म्हणजे धाकट्या भावावर, त्या हमालांना चहा विचारला म्हणून. मग दारात पाय पसरून बसलेल्या मांजरावर. खरा राग ज्याच्यावर होता तो थोरला भाऊ अजून घरी जेवत असणार, जेवून अर्धा तास आडवा होणार आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून निघणार, हे तिला माहीत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांत दादा कुणासाठी घाईने आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सगळं शहर त्याला सर म्हणायचं. त्याची बायकोसुद्धा परक्यांशी बोलताना ‘सर आत्ता झोपलेत’ असंच सांगायची.

दगड मात्र घाई-बिई न करता बरोबर बावन्न वर्षांनी कारखान्यात परत आला होता. काळा, गुळगुळीत, हातभर रुंद. त्यावर बाईंचं नाव आणि खाली एकच ओळ: ‘यांनी इथे वाचायला शिकवलं.’ आत्याने एकोणिसाव्या वर्षी, एकटीने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरलेला हा तिचा पहिला दगड. तेव्हा महाविद्यालयाचं आजचं सभागृहही नव्हतं, पत्र्याची शेड होती. बाई तिथे संध्याकाळी कामगारांच्या पोरांना जमवून दूरदेशीच्या कवींच्या कविता वाचून दाखवायच्या. पोरांच्या केसांत दगडाची भुकटी असायची आणि तोंडात राजांच्या पडझडीच्या ओळी.

या घराचा धंदा नावं कोरण्याचा. कोनशिला, नामफलक, दारावरच्या पाट्या. माणूस खुर्चीवर बसला की त्याचं नाव भिंतीवर चढायचं. माणूस उतरला की दगडही उतरायचा, कारखान्यात यायचा, पालथा व्हायचा, आणि त्याच्या पाठीवर नव्या माणसाचं नाव पडायचं. जुनं नाव आतल्या बाजूला, भिंतीला तोंड लावून बसायचं. शहरातल्या निम्म्या फलकांमागे असा एकेक जण उभा होता आणि हे या घराशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, नियमच घालून दिला होता. दगडाच्या जाडीचे तीन वाटे करायचे. एक या नावाचा, एक पुढच्या नावाचा, मधला दगडाचा स्वतःचा. आपल्या वाट्याच्या खाली छिन्नी गेली की मागे पाठ उरत नाही, आणि मग दुसऱ्या बाजूने पहिला घाव घातला की दगड उभा चिरतो.

बाईंचा दगड पूर्ण झाला त्या संध्याकाळी अण्णांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला होता आणि म्हणाले होते, “खोल गेलीस. पाठ ठेवली नाहीस.” एवढंच. पुढे ते होते तोवर पाहुण्यांसमोर हेच सांगत राहिले. पोरगी हुशार आहे, पण पहिल्याच दगडाला पाठ ठेवली नाही. आत्याने नंतर हजारभर दगड कोरले, आणि प्रत्येकाला दहा वेळा माप लावलं.

आज तो दगड परत आला होता, कारण सभागृहाची दुरुस्ती झाली होती आणि महाविद्यालयाच्या समितीने ठरवलं होतं की आता त्याला सरांचं नाव द्यायचं. नवा दगड कशाला, जुन्याच्याच पाठीवर कोरा, ही सूचना सरांची. घरचा धंदा शेवटी त्यांना असा उपयोगी पडला.

*

सर आले ते बायको आणि मुलीसह. मुलीला घरात सगळे ठिणगी म्हणायचे. लहानपणी कारखान्यात छिन्नीखालच्या ठिणग्या पकडायला धावायची, म्हणून. आता ती त्याच महाविद्यालयात, वडिलांच्याच खोलीत, वडिलांचाच विषय शिकवत होती. ती आत आली तशी सरळ आत्याच्या बाजूच्या स्टुलावर जाऊन बसली. धाकट्यांनी ते पाहिलं. लहानपणापासून ते दादांच्या बाजूच्या स्टुलावर बसत आले होते. आजही तिथेच बसले.

“कागद मिळाला ना?” सरांनी विचारलं.

“मिळाला,” आत्या म्हणाली.

“मग सुरू कधी करतेस?”

“आधी मोठ्याने वाचते. बाकीच्यांनाही कळू दे.” तिने चष्मा चढवला. “थोर समीक्षक. काव्यमर्मज्ञ. पिढ्या घडवणारे प्राचार्य. ही झाली एक ओळ. मग सन्मान, त्यात दोन ओळी. मग पदं. मग पुन्हा सन्मान, पहिल्यांदा राहिलेले. आणि सातवी ओळ, नीट ऐका हं वहिनी: ‘रोमँटिक काव्यातील सत्तेच्या आणि गर्वाच्या नश्वरतेचे ज्यांनी तीन पिढ्यांना भान दिले.’ अक्षरांत सोनेरी रंग भरून.” तिने कागद खाली ठेवला. “आठव्या ओळीत काय घालू दादा? उंची आणि वजन?”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना खोकला आला असावा असं सरांनी गृहीत धरलं.

“ते समितीने सुचवलंय,” सर म्हणाले.

“अक्षर तुझं आहे.”

“मजकूर नेमका असावा म्हणून मी लिहून दिला. त्यात काय बिघडलं?”

“काही नाही. गर्व टिकत नाही, एवढं सांगायला तुला सात ओळी लागल्या. बाईंना एक ओळ पुरली होती.”

सरांनी हातातली काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी केली. वर्गात विद्यार्थी आगाऊपणा करू लागला की ते खडू असा उभा धरायचे. “हे बघ. बाईंबद्दल मला तुझ्याइतकाच आदर आहे. त्यांचं नाव पुसायला सांगितलं का मी? दुसरा कुणी असता तर घासून काढायला लावलं असतं. मी म्हटलं, नाव राहू दे. त्याच दगडात. मागच्या बाजूला. एका अर्थाने त्या माझा आधारच होत्या.”

“होत्या ना,” ठिणगी म्हणाली. “पण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं त्यांनी कबूल केलं नव्हतं.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मीटिंगमध्ये नाहीच बोलले, बाबा. ठराव झाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी टेबलाकडे. त्याची लाज गेले दहा दिवस वाटतेय, म्हणून आता बोलणार आहे.”

धाकट्यांनी घसा साफ केला. “ठिणगी, दादांचं वय…”

“काका, तुम्ही पण नको.” तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “दर वर्षी पहिल्या तासाला मी तुमचं व्याख्यान देते, बाबा. तुमच्याच शब्दांत. राजे जातात, किल्ले ढासळतात, त्यांच्यावर वेली चढतात, आणि कवीची ओळ राहते. मुलं लिहून घेतात. छान, शांत वाटतं सगळ्यांना. मलाही वाटायचं. या वर्षी पहिल्यांदा बोलता बोलता माझी जीभ अडखळली. कारण ते कवी शांत कुठे होते? पंचविशीतली पोरं होती. त्यांनी सिंहासनं खाली येताना पाहिली, आणि मग तीच माणसं परत येऊन त्याच खुर्च्यांवर बसताना पाहिली. त्यांना संताप आला होता. त्यांनी पडके बुरूज आणि गवत उगवलेले दरबार लिहिले ते कुणाचं सांत्वन करायला नाही. समोर बसलेल्या माणसाला ते सांगत होते, तूही जाशील. धमकी होती ती. तुम्ही चाळीस वर्षं ती शिकवलीत, पण मेलेल्या राजांनाच लागू केलीत.”

“मला माझा विषय शिकवू नकोस.”

“तुम्हीच शिकवलाय. त्यांच्यातला एक जण म्हातारपणी दरबारी झाला आणि धाकट्या कवींनी त्याला कसा फाडला, यावर तुम्ही वीस मिनिटं घ्यायचात. आवाज कसा कापायचा तुमचा. मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि मला वाटायचं, माझ्या बाबांसारखा माणूस नाही.”

“मी कुठल्या दरबारात गेलोय?”

“नाही गेलात. घरीच मागवलात.”

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली.

सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मुलीपुढे त्यांचा जोर चालला नाही. त्यांनी मोहरा बहिणीकडे वळवला, जिथे तो आजवर चालत आला होता. “तुला जमणार नसेल तर स्पष्ट सांग. हल्ली मशीनवर दोन तासांत काम होतं. मी आपलं घरच्या माणसाच्या हातून व्हावं म्हणून आणलं.”

“ने मशीनवाल्याकडे,” आत्या म्हणाली. “दोन तुकड्यांत परत देईल. या दगडाला पाठ नाही.”

“सबब आहे ही.”

“सबब? अण्णा मरेपर्यंत मला ऐकवत होते. तुला कसं ऐकू जाणार, तू वसतिगृहात होतास. बाईंनी अण्णांचे पाय धरले, पोराला शाळेत पाठवा म्हणून, तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. इथे उभा राहून माप धरायचास. तू गेलास आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी माप माझ्या हातात दिलं. मी नऊ वर्षांची. मलाही बाईंची कविता आवडायची दादा. मलाही.” हे तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर तिचा तिलाच राग आला. “ते जाऊ दे. त्या बाईमुळे तुझ्या हातात पुस्तक आलं. आणि तू तिला पालथी घालून तिच्या पाठीवर सन्मान मोजायला निघालास. मी नाही कोरणार. आणि दुसऱ्या कुणी कोरलं तर दगड फुटेल आणि तिचं नाव जाईल. एवढं तरी लाजेखातर ऐक.”

सर उठले. “धाकट्या,” ते म्हणाले, “माप लाव.”

*

माप म्हणजे वीतभर पितळी पट्टी, टोकाला सरकणारी सुई. ती खिडकीशेजारच्या खिळ्यावर असायची. अण्णांच्या बोटांनी झिजून ती मधोमध थोडी वाकली होती, पण खोटं बोलायची नाही.

धाकटे दगडाजवळ बसले. त्यांचं सगळं आयुष्य दगड घासण्यात गेलं होतं. कोरायचं ताईने, घासून चमकवायचं त्यांनी, आणि निर्णय घ्यायचा दादांनी, मग तो कुणाच्या लग्नाचा असो की छपराच्या पत्र्याचा. या वाटणीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर तक्रार करायची कुणाकडे, हेच त्यांना ठरवता आलं नव्हतं.

त्यांनी सुई पहिल्या अक्षरात सोडली. मग पट्टी दगडाच्या कडेला लावून जाडी पाहिली. पुन्हा सोडली, शेवटच्या अक्षरात. मग खालच्या ओळीत, तीन ठिकाणी.

सगळीकडे सुई एकाच खुणेवर थांबत होती. पहिला वाटा संपतो तिथे, एक केसही खाली नाही. दगडाला पाठ होती. पुरती, अण्णांच्या नियमाप्रमाणे होती.

हा दगड पूर्ण झाला त्या संध्याकाळी धाकटे आठ वर्षांचे होते आणि इथेच भुकटीत बसले होते. अण्णांनी अंगठा फिरवला हे त्यांना लख्ख आठवत होतं. अंगठाच. माप खिळ्यावरच होतं. त्या दिवशी ते खिळ्यावरून कुणी काढलंच नव्हतं, आणि त्यानंतरही या दगडापुरतं कधी काढलं नाही, कारण अण्णा बोलले म्हणजे झालं. धाकट्यांच्या कानशिलापर्यंत राग चढला. एकोणीस वर्षांच्या पोरीने असला बिनचूक दगड कोरला, आणि बापाने त्याला अंगठा लावून नापास केलं, आणि ती पोरगी म्हातारी झाली तरी तेच घेऊन बसली आहे. ताईला आत्ताच्या आत्ता सांगावं असं त्यांना वाटलं. आणि सांगितलं तर दगड उद्या मशीनखाली जाणार, हेही त्याच क्षणी कळलं.

“काय म्हणतंय माप?” सरांनी विचारलं.

दादांशी धाकटे आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. बोलायची वेळच आली नव्हती. ते फक्त हो म्हणायचे.

“पाठ नाही, दादा,” ते म्हणाले. आवाज चिरका आला. “फुटेल.”

आत्याने ‘बघ’ अशा अर्थाने मान उडवली. तिला आनंद झाला नाही. बावन्न वर्षांची चूक पुन्हा एकदा चारचौघांत शाबीत झाली होती, एवढंच.

*

“ठीक आहे,” सर म्हणाले. “मग दुसरा घ्या. तो कोपऱ्यातला मोठा. बाईंचा लागेल कुठेतरी. मागच्या व्हरांड्यात, नाहीतर ग्रंथालयाच्या जिन्यात.”

“लागेल कुठेतरी,” आत्याने ते शब्द चावून म्हटले.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. या कारखान्यात त्या लग्नानंतर बेचाळीस वर्षं येत होत्या आणि नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसत होत्या. नवऱ्याला या फलकाचा एवढा ध्यास का लागला आहे हे त्यांच्याशिवाय तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या समारंभाला महाविद्यालयाच्या फाटकावर नव्या दरवानाने सरांना अडवलं होतं. “आजोबा, पास आहे का?” असं विचारलं होतं, अगदी सभ्यपणे. सर पासाशिवाय परत फिरले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “अठरा वर्षं मी इथला प्राचार्य होतो.” त्या रात्री जेवले नाहीत. वहिनींना तेव्हा त्यांची दया आली होती. आज मात्र येत नव्हती, आणि याचंच त्यांना नवल वाटत होतं.

धाकटे आणि ठिणगी दोघांनी मिळून कोपऱ्यातला दगड सावकाश फिरवला. भिंतीकडचं तोंड उजेडात आलं. धाकट्यांनी ओल्या फडक्याने धूळ पुसली.

नऊ ओळी होत्या. अक्षरांतला सोनेरी रंग अजून जागोजाग टिकून होता. लोकनायक, द्रष्टे, नवयुगाचे शिल्पकार, मग पदं, मग सन्मान. सरांचा कागद त्यापुढे साधा वाटला असता. सरांनी चष्मा नाकावर सरकवून नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे कोण?” ते म्हणाले.

धाकट्यांनी खांदे उडवले. ठिणगीने फोनवर शोधलं. बराच वेळ बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “काहीच येत नाहीये.”

“दादा, तुला खरंच नाही आठवत?” आत्याने विचारलं. तिच्या आवाजातली धार क्षणभर गेली होती, इतकी ती थक्क झाली होती. “हा दगड बसवला तेव्हा तू होतास तिथे.”

“मी अशा शंभर कार्यक्रमांना गेलोय.”

“इथे नुसते गेला नव्हतात तुम्ही,” वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. खुर्ची सरकवून त्या उठल्या आणि दगडासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“कविता म्हटली होती तुम्ही. यांच्यावर. अठ्ठावीस ओळींची. आपल्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं, मी पहिल्या रांगेत बसले होते. ‘तुमच्या पावलांनी रस्त्यांना दिशा कळली.’ अशी एक ओळ होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. आणि घरी येताना तुम्ही म्हणालात, हा माणूस इतिहासात राहील.”

“मी?” सर म्हणाले. “अशी ओळ मी लिहीन?”

“लिहिलीत.”

“मग हे होते कोण?”

वहिनींनी दगडाकडे पाहिलं, नावाकडे, नऊ ओळींकडे. “ते मलाही नाही आठवत,” त्या म्हणाल्या. “ओळ तेवढी आठवते.”

ठिणगीला हसू आवरेना. “राहिली बघा बाबा, ओळ राहिली. तुमचं व्याख्यान खरं ठरलं.”

ते हसू दुष्ट होतं, तिलाही ते कळलं आणि तिने ओठ आवळले. सर दगडासमोर तसेच उभे होते.

“माझं असं होणार नाही,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

“होईल की,” आत्या म्हणाली. “का नाही होणार? यांचं झालं, यांच्या आधीच्यांचं झालं. आठ वर्षं होता हा भिंतीवर. मी चढवला आणि मीच उतरवून आणला. तुझाही उतरवायला कुणीतरी येईल, आणि त्याच्या हातात कागद असेल दहा ओळींचा. त्याचं मला काही वाटत नाही दादा, दगड वाया जात नाही. मला राग येतो तो याचा, की हे तुला सगळ्यांत आधी कळलं होतं. त्या शेडमध्ये, बारा वर्षांचा असताना. घरी येऊन अंथरुणात मला तूच सांगायचास, राजाचं काय झालं ते. मला रडू यायचं नाही, हसू यायचं. तुलाही यायचं. कुठे गेलं ते हसू?”

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि गाडीवाला डोकं आत घालून म्हणाला, “मावशी, चार वाजता बोलावलं होतं. कुठला दगड न्यायचा?”

“तू बोलावलंस?” सरांनी विचारलं.

“सकाळीच. बाईंचा परत पाठवतेय. जिथून आला तिथे.”

“समितीचा ठराव झालेला आहे. तू परत पाठवलास तरी मी उद्या पुन्हा उतरवायला लावू शकतो.”

“शकतोस,” आत्या म्हणाली. “आणि मी परवा पुन्हा पाठवीन. बघू कुणाची कंबर आधी जाते.”

गाडीवाला एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्या माणसांची भांडणं त्याला नवीन नव्हती, पण त्यात दगड असलेली बहुधा पहिलीच.

“बाईंचा घ्या,” वहिनी त्याला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “तो दरवान मनात बसलाय ना तुमच्या? अहो, तुमचं नाव हातभर कोरलं तरी तो ते वाचणार आहे का? मी त्या दिवशी पाहिलं. आपल्या मागच्या माणसाचा पास त्याने उलटा धरला होता. त्याला कुणी शिकवलेलंच नाही. बाई असत्या तर त्याला नेऊन पहिल्या बाकावर बसवलं असतं. तुम्ही अठरा वर्षं प्राचार्य होतात. फाटकापर्यंत कधी गेला नाहीत.”

बेचाळीस वर्षांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्या परत जाऊन खुर्चीवर बसल्या, पण आता दाराजवळ नाही. खुर्ची त्यांनी आत्याच्या शेजारी ओढून घेतली होती.

दगडाला फळी लावली गेली. गाडीवाल्याने आणि धाकट्यांनी तो उचलायला हात घातले, तेव्हा सर म्हणाले, “थांबा.”

ते काठी टेकत जवळ आले. खिळ्याकडे न पाहताच त्यांनी हात लांब केला आणि माप काढलं. ते कुठे असतं हे हाताला ठाऊक होतं. मग ते वाकले. बारा वर्षांच्या मुलाने ज्या दोन बोटांत ती पट्टी धरली असेल त्याच दोन बोटांत धरून सरांनी सुई बाईंच्या नावात सोडली. एका अक्षरात, मग दुसऱ्या. मग कडेला लावून जाडी पाहिली. त्यांनी मान वर केली आणि धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे जमिनीकडे पाहत होते.

“पाठ नाही म्हणतोस?”

“नाही, दादा.”

हवं असतं तर आत्ता, याच क्षणी, सर सगळ्यांना खोटं पाडू शकत होते. तशी संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती.

“बरं,” ते म्हणाले. मग गाडीवाल्याकडे वळले. “सभागृहात न्या. जुन्या जागी. समितीला मी फोन करतो.”

ते सरळ उभे राहिले, आत्याजवळ आले आणि माप तिच्या तळहातावर ठेवलं. “अण्णांनी त्या दिवशी मोजलं नव्हतं,” ते म्हणाले. “तू मोज.” एवढं बोलून ते बाहेर गेले आणि आपल्या गाडीच्या दाराला धरून उभे राहिले, पाठमोरे. सात ओळींचा कागद भुकटीत पडला होता. तो मागायला ते परत आले नाहीत.

आत्याने धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी मान हलवली, धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ही नाही, अशी काहीतरी. तेव्हा ती दगडाशी गुडघे टेकून बसली, हे तिला हल्ली जमत नसे, आणि तिने सुई सोडली. पहिल्या अक्षरात. दुसऱ्या. मग सगळ्या अक्षरांत, एकही न वगळता, खालच्या ओळीतसुद्धा. ठिणगी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. सुई प्रत्येक वेळी त्याच खुणेवर थांबली.

“बावन्न वर्षं,” आत्या म्हणाली. “हजार लोकांच्या नावांना माप लावलं मी. नको त्या माणसांच्या. आणि या एका दगडाला लावलं नाही. अण्णा म्हणाले, आणि मी मान खाली घातली. अण्णा म्हणाले म्हणून.”

वहिनींनी तिला उठायला हात दिला. तिने तो घेतला, उभी राहिली, डोळे मनगटाने पुसले, त्यामुळे भुकटी गालभर पसरली, आणि मग ती गाडीवाल्यावर खेकसली, कारण तो दगड एका कडेने ओढत होता.

“नीट धर. दोन्ही बाजूंनी. आणि सावकाश ने,” ती म्हणाली. “पाठ आहे त्याला.”